मॉस्कोने ऐकले, न्यूयॉर्कने मिरवले

व्हॅन क्लायबर्नची गोष्ट सांगणारे बहुतेक जण स्पुटनिकपासून सुरुवात करतात. 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिकेच्या तोंडचे पाणी पळाले, आणि सहाच महिन्यांनी टेक्ससमधला एक 23 वर्षांचा, सव्वासहा फूट उंचीचा, कुरळ्या केसांचा पियानोवादक मॉस्कोत जाऊन रशियनांनी भरवलेली पहिली आंतरराष्ट्रीय चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून आला. 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेऊन रशिया जिंकणारा टेक्सन ठरवले. या गोष्टीचा उत्तरार्धही ठरलेला असतो: पुढची वीस वर्षे तो तेच ते वाजवत राहिला, समीक्षक कंटाळले, 1978 मध्ये त्याने जाहीर मैफली थांबवल्या, आणि एका मोठ्या शक्यतेचे मातेरे झाले. पूर्वार्धात राजकारण, उत्तरार्धात वैयक्तिक अपयश, अशी ही सोयीची मांडणी आहे. माझ्या मते ती दोन्ही टोकांना चुकते. मॉस्कोने त्याला मुख्यतः संगीताच्या कसोटीवर निवडले. राजकीय विजय म्हणून त्याचा वापर झाला तो न्यूयॉर्कमध्ये. आणि नंतर ज्या एकसुरीपणाबद्दल समीक्षकांनी त्याला धारेवर धरले, त्या एकसुरीपणाची मागणी त्याच्याकडे सर्वांत आधी अमेरिकन संगीतबाजारानेच केली होती.

मॉस्कोच्या श्रोत्यांनी काय ऐकले हे समजून घ्यायचे तर 1958 च्या बरेच मागे जावे लागते. 1892 साली मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतून जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांत सर्गेई रॅखमानिनॉव, अलेक्झांडर स्क्रियाबिन आणि योझेफ लेव्हिन हे तिघे होते. लेव्हिनची पुढे पत्नी झालेल्या रोझिना यांनी त्याच संस्थेचे सुवर्णपदक 1898 मध्ये मिळवले. पती-पत्नी दोघेही वासिली सफोनोव्ह यांचे शिष्य. पहिल्या महायुद्धात हे दांपत्य बर्लिनमध्ये अडकले आणि 1919 मध्ये अमेरिकेत येऊन पोहोचले. योझेफ 1944 मध्ये वारले. रोझिनाबाई न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतविद्यालयात शिकवत राहिल्या. रशियात क्रांती झाली, राजवट बदलली, पण क्रांतीपूर्व मॉस्कोचा तो लांब श्वासाचा, भरघोस आणि गाता नाद बाईंच्या वर्गात टिकून राहिला. आपल्याकडे घराण्याचे होते तसेच हे झाले: मूळ गाव बदलले तरी गुरूच्या गळ्यातली जुनी चाल दूरदेशच्या शिष्याकडे शाबूत राहिली. क्लायबर्न 17 व्या वर्षी बाईंकडे गेला तेव्हा त्याच्यावर याच जातकुळीचे संस्कार आधीच झालेले होते. 12 जुलै 1934 रोजी लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टमध्ये जन्मलेला आणि टेक्ससमधल्या किलगोर या तेलविहिरींच्या गावात वाढलेला हा मुलगा तोवर फक्त आईकडे शिकला होता. आणि आई रिल्डिया बी ही आर्थर फ्रीडहाइम यांची शिष्या. फ्रीडहाइम सेंट पीटर्सबर्गचे, फ्रान्झ लिस्टच्या निकटच्या शिष्यांपैकी एक. पियानोवर बोट ठेवण्याआधी ओळ गाऊन पाहायची, कारण माणसाचा आवाज हेच पहिले वाद्य, ही आईची शिकवण क्लायबर्न आयुष्यभर सांगत असे.

आता अमेरिकेने त्याला आधी कसे वागवले ते पाहू, कारण माझ्या युक्तिवादातला सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. 1954 मध्ये त्याने लेव्हेंट्रिट पुरस्कार मिळवला. तो ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसे. परीक्षकांना पसंत पडेल असा कोणी नसला तर पुरस्कार दिलाच जात नसे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कार्नेगी हॉलमध्ये दिमित्री मित्रोपुलोस यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर त्याने वाजवले. काय वाजवले? चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो. ज्या रचनेने साडेतीन वर्षांनी जग हलवले तीच रचना, त्याच बोटांनी, न्यूयॉर्कच्या सर्वांत मानाच्या सभागृहात, सर्वांत मानाच्या वाद्यवृंदाबरोबर. वृत्तपत्रांनी कौतुक केले, थोडे दिवस कार्यक्रम मिळाले आणि मग ओहोटी लागली. 1957 पर्यंत त्याच्या हातात फारसे कार्यक्रम उरले नव्हते आणि डोक्यावर कर्ज होते. ही त्याच्या एकट्याची कथा नव्हे. अमेरिकेतली मोठी तिकिटे तेव्हा युरोपातून आलेल्या ज्येष्ठांच्या नावावर खपत. घरचा तरुण वादक एकदा ऐकून कौतुक करण्यापुरता. मॉस्कोच्या स्पर्धेत उतरायचा सल्ला रोझिनाबाईंनी दिला तो या पार्श्वभूमीवर. त्याचा प्रवासखर्चही सरकारने नव्हे, एका खासगी कलानिधीने उचलला. देशाने पाठवलेला शिलेदार ही प्रतिमा तो परत आल्यानंतर रंगवली गेली आहे.

मॉस्कोतला श्रोता त्या वेळी कसा होता हेही पाहायला हवे. स्टालिनच्या मृत्यूला पाच वर्षे झाली होती आणि दारे किलकिली होऊ लागली होती. 1955 मध्ये पियानोवादक एमिल गिलेल्स आणि व्हायोलिनवादक डेव्हिड ओइस्त्राख अमेरिकेत वाजवून आले होते. 1956 मध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न रशियात आले. मे 1957 मध्ये कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड आला आणि त्याने मॉस्को-लेनिनग्राडच्या जाणकारांना आपल्या बाखने थक्क केले. जानेवारी 1958 मध्ये अमेरिका आणि रशिया यांच्यात सांस्कृतिक देवाणघेवाणीचा करार झाला. म्हणजे परदेशी वादक आला म्हणून मॉस्कोकर भारावून जातील असे दिवस नव्हते. परीक्षक तर आणखी कठीण. मंडळाचे अध्यक्ष गिलेल्स. सदस्यांत पियानोवादक स्विअतोस्लाव रिख्टर, हाइनरिख नॉयहाउस, लेव्ह ओबोरिन, संगीतकार काबालेव्हस्की, इंग्लंडचे आर्थर ब्लिस. स्पर्धेच्या संयोजन समितीवर शोस्ताकोविच. यातल्या प्रत्येकाला चायकोव्हस्कीचा कॉन्चेर्टो पाठ होता आणि कंटाळा येईपर्यंत ऐकून झालेला होता.

एप्रिल 1958 मध्ये अंतिम फेरीच्या संध्याकाळी कॉन्झर्व्हेटरीच्या मोठ्या सभागृहात किरील कोंद्राशिन यांच्या संचालनाखाली क्लायबर्नने आधी चायकोव्हस्की आणि नंतर रॅखमानिनॉवचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला. या दुसऱ्या रचनेकडे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ती 1909 ची, आणि तिचा पहिला प्रयोग स्वतः रॅखमानिनॉवने केला तो न्यूयॉर्कमध्ये. सुरुवातीला वाद्यवृंदाची हलकी झुळूक आणि तिच्यावर पियानोची एक साधी ओळ: दोन्ही हातांत तेच स्वर, एका सप्तकाच्या अंतराने, ना साथीचे स्वरसमूह, ना सजावट. इथे वादकाला लपायला जागा नसते. व्लादिमीर होरोविट्झ यांनी हा कॉन्चेर्टो अमेरिकेत गाजवला तो वेगाच्या आणि विजेसारख्या बोटांच्या जोरावर. नंतरच्या पिढीने त्यालाच आदर्श मानले. क्लायबर्न ती ओळ सावकाश, जवळजवळ गुणगुणल्यासारखी मांडतो. पुढे पहिल्या भागातल्या एकल विस्तारासाठी संगीतकाराने दोन पर्याय लिहून ठेवले आहेत, एक चपळ आणि एक अवजड. क्लायबर्नने अवजड घेतला, आणि त्यातही आपटबार न करता नाद चढत्या पायरीने वाढवत नेला. न्यूयॉर्कमध्ये पाच आठवड्यांनी झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तिथे हे सगळे स्वच्छ ऐकू येते. मॉस्कोतल्या त्या संध्याकाळी टाळ्या आठ मिनिटे थांबल्या नाहीत. स्पर्धेचा शिरस्ता बाजूला ठेवून त्याला पुन्हा मंचावर आणावे लागले आणि परीक्षकही उभे राहिले. मॉस्कोच्या बायका त्याला 'वान्या' म्हणू लागल्या आणि मंचावर फुले टाकू लागल्या. 1917 मध्ये देश सोडून गेलेला आणि परत कधीच न आलेला रॅखमानिनॉव त्या श्रोत्यांना एका परक्या पोराच्या हातून ऐकू येत होता.

यावर पहिला आक्षेप असा की हे घराण्याचे स्पष्टीकरण फार भावुक आहे. रोझिनाबाईंचे शिष्य पुष्कळ होते. मग हीच दाद इतरांना का नाही? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उदाहरणही त्याच स्पर्धेत सापडते. डॅनियल पोलॅक हा बाईंचाच दुसरा अमेरिकन शिष्य अंतिम फेरीत होता. त्याने चांगले वाजवले, पण सभागृह पेटले नाही. याचा अर्थ इतकाच की परंपरा भाषा देते. त्या भाषेत बोलायचे काय, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. क्लायबर्नकडे आईने दिलेली गाण्याची दृष्टी होती, प्रचंड पंजा होता, आणि संगीताबद्दल जराही लाज न बाळगणारी भावनाशीलता होती. तिचीच पुढे न्यूयॉर्कच्या काही जाणकारांनी भाबडेपणा म्हणून संभावना केली. रशियन श्रोत्यांना ती भाबडी वाटली नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे. अंतिम निर्णय सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांच्या परवानगीने झाला हे आता सर्वश्रुत आहे. अमेरिकनाला पहिले बक्षीस द्यायचे का, असा प्रश्न वरपर्यंत गेला. क्रुश्चेव्ह यांनी तो सर्वोत्तम आहे का एवढेच विचारले, आणि हो म्हटल्यावर देऊन टाका म्हणाले, असे सांगितले जाते. मग हे राजकारण नव्हे तर काय? शिवाय उदारपणाचे असे प्रदर्शन रशियाला तेव्हा हवेच होते. मला हा युक्तिवाद अर्धा पटतो. परवानगी राजकीय होती यात शंका नाही. पण प्रश्न वर पाठवायची वेळ कोणी आणली? राजवटीला हवा होता आपलाच विजेता. स्पर्धा भरवण्यामागचा तो एक उघड हेतू होता. त्याच स्पर्धेत व्हायोलिनचे पहिले बक्षीस सोव्हिएत वादक व्हालेरी क्लिमोव्हला गेले होते. पियानोसाठी लेव्ह व्लासेंको हा तयारीचा, भरवशाचा घरचा उमेदवार होता आणि त्याला पहिला ठरवला असता तर कोणाला फारसे आश्चर्य वाटले नसते. परीक्षकांनी तरीही माघार घेतली नाही. क्लायबर्नला पूर्ण गुण आणि काही जणांना थेट शून्य देऊन रिख्टर यांनी आपला कौल निःसंदिग्ध केला, ही हकिगत तपशिलाच्या फरकाने अनेकांनी नोंदवली आहे. सोव्हिएत संस्थेत नोकरी करणाऱ्या आणि पश्चिमेकडे जाण्याची मुभाही अद्याप न मिळालेल्या माणसाने असे करणे म्हणजे चेष्टा नव्हे. सरकारने आधीच दिलेल्या इशाऱ्यावर नाचणारे परीक्षक असे वागत नसतात. संगीताने पेच निर्माण केला आणि राजकारणाने तो निभावून नेला. क्रम असा आहे, आणि क्रमाला महत्त्व आहे. दुसरे बक्षीस व्लासेंको आणि चीनचा लिऊ शिकुन यांना विभागून मिळाले.

न्यूयॉर्कमध्ये हा क्रम उलटला. 19 मे रोजी कार्नेगी हॉलमध्ये कोंद्राशिनसह त्याने मॉस्कोचाच कार्यक्रम पुन्हा केला. 20 मे रोजी ब्रॉडवेवरून त्याची मिरवणूक निघाली आणि वरून कागदी फितींचा पाऊस पडला. युद्ध जिंकून आलेले सेनानी आणि विक्रमवीर वैमानिक यांच्यासारख्यांना दिला जाणारा हा मान अभिजात संगीताच्या वादकाला एकट्याने मिळाल्याचा तो एकमेव प्रसंग. त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची भेट झाली. मे महिन्याच्या अखेरीस आरसीए कंपनीने कोंद्राशिनसहच चायकोव्हस्की ध्वनिमुद्रित केला, आणि अभिजात संगीताची दहा लाख प्रती खपलेली ती पहिली एलपी ठरली. हे सगळे खरे, पण त्या गर्दीत पियानोबद्दल बोलणारे किती होते? समीक्षकांनी लिहिले ते चांगलेच लिहिले. मात्र 1954 मध्ये त्यांनी जे ऐकले होते त्यापेक्षा आता वेगळे काय ऐकू आले, हा साधा प्रश्न कोणी स्वतःला विचारला नाही. वादन वयानुसार थोडे पिकले असेल. चार वर्षांत ते सामान्याचे असामान्य झाले नव्हते. बदलला होता त्याच्यावरचा शिक्का. स्वतः क्लायबर्नला या विजयातली शत्रुत्वाची भाषा कधीच रुचली नाही. रशियातून आणलेले लायलॅकचे रोप त्याने न्यूयॉर्कजवळच्या व्हलहाला गावी रॅखमानिनॉवच्या कबरीपाशी लावले. जिंकून आलेल्या सेनापतीला ही कृती सुचत नाही. ऋण मानणाऱ्या शिष्याला सुचते.

इथून पुढे त्याची जी दैना झाली तिचे गणित सोपे आहे. मोठमोठ्या मानधनावर त्याला गावोगावी बोलावले जाई ते मॉस्कोत गाजलेला कॉन्चेर्टो याचि डोळा पाहण्यासाठी. आयोजकांना तोच हवा, श्रोत्यांना तोच हवा, रेकॉर्ड कंपनीला त्याच धाटणीचे काहीतरी हवे. आणि साठीच्या दशकाच्या मध्यापासून समीक्षेत एकच सूर लागला: वाजवणे थकलेले, निवड तीच ती, वाढ खुंटलेली. या आरोपात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. काही ध्वनिमुद्रणांत खरोखरच सुंदर नादाच्या आड विचाराचा आळस ऐकू येतो. पण निवड तीच ती, हा भाग तपासून पाहिला की टिकत नाही. वाद्यवृंद-संचालक फ्रिट्झ राइनर यांच्याबरोबर शिकागोत त्याने शूमानचा कॉन्चेर्टो, बेथोव्हेनचे चौथा आणि पाचवा, ब्राम्सचा दुसरा आणि रॅखमानिनॉवचा दुसरा असे कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केले. वॉल्टर हेंडल यांच्याबरोबर प्रोकोफिएवचा तिसरा आणि अमेरिकन संगीतकार मॅकडॉवेल याचा दुसरा. शिवाय एकल वादनात सॅम्युएल बार्बरचा सोनाटा आणि प्रोकोफिएवचा सहावा सोनाटा. बार्बर आणि प्रोकोफिएव ही जोडी त्या काळी कुठल्याही लोकप्रिय वादकाच्या दृष्टीने धाडसाची होती. 'चायकोव्हस्कीवाला' हे लेबल इतके घट्ट चिकटले होते की या तबकड्या समोर असूनही चर्चा मात्र जुन्याच आरोपाची चालू राहिली. ब्रॉडवेवर पडलेल्या फितींचा कचरा झाडून झाला, तरी समीक्षेच्या डोळ्यांपुढून ती मिरवणूक हलली नव्हती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अडचणीचा वाटतो. प्रसिद्धीचा पूर इतरांवरही आला. ते बुडाले नाहीत. मॉरित्सिओ पोलिनीने 1960 मध्ये 18 व्या वर्षी वॉर्साची शोपँ स्पर्धा जिंकली आणि लगेच गर्दीतून बाजूला होऊन अभ्यास केला, पियानोवादक मिकेलांजेली यांच्याकडे शिकला, आणि परतला तो पूर्ण पिकलेला कलावंत म्हणून. क्लायबर्नला नाही म्हणता आले नाही हा दोष बाजाराचा कसा? याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. पोलिनीच्या खांद्यावर त्याच्या देशाने शीतयुद्ध ठेवलेले नव्हते. मिलानमध्ये जन्मलेल्या, सुसंस्कृत घरातल्या मुलाला वर्षभर घरी बसणे परवडत होते. क्लायबर्न मॉस्कोला निघाला तेव्हा देणेकऱ्यांचा तगादा होता आणि परतला तेव्हा बड्या व्यवस्थापकांची कचेरी पुढची वर्षे भरून टाकायला बसली होती. पण 1962-63 नंतर त्याला पैशांची ददात नव्हती. तेव्हा थांबून नव्याने शिकायची संधी होती, ती त्याने घेतली नाही. लोकांना आवडते ते देत राहण्याचा त्याचा स्वभाव होता, आणि स्वभावाची किंमत कलावंतालाच मोजावी लागते. 1974 मध्ये वडील आणि त्याचे व्यवस्थापक हुरोक दोघेही गेले. चार वर्षांनी त्याने काम थांबवले. पुढे 1987 मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये तो वाजवायला बसला आणि रशियन गाण्याचे सूर त्याने काढताच पाहुणे सोबत गाऊ लागले. 1994 च्या दौऱ्यात मात्र हॉलिवूड बोलमध्ये कार्यक्रमपत्रिकेवरचा रॅखमानिनॉवचा तिसरा कॉन्चेर्टो ऐन वेळी गाळावा लागला. दैवाची ही थट्टा फार जिव्हारी लागणारी आहे, पण तिच्यावरून आधीची वीस वर्षे मोजणे अन्याय्य होईल.

बाकीच्या विजेत्यांशी तुलना केली तर त्याचे दुर्दैव सौम्यच म्हणावे लागेल. लिऊ शिकुनला चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत तुरुंगात टाकले गेले आणि छळात त्याचा हात मोडला. तिसऱ्या क्रमांकाच्या नाउम श्तार्कमानला स्पर्धेनंतर थोड्याच काळात अटक झाली आणि कारकिर्दीची उमेदीची वर्षे गेली. व्लासेंकोने मॉस्कोत शिकवण्यात आयुष्य घालवले आणि शेवटी तो ऑस्ट्रेलियात गेला. राज्यसत्तेने कलावंताला ज्या रीतीने चिरडले त्यापुढे बाजाराने त्याला कुरवाळून निष्प्रभ करणे हा अत्याचार म्हणता येणार नाही. तरी तोही एक प्रकारचा वापरच होता, आणि अमेरिकेने तो केल्याचे मान्य करायला फार वेळ घेतला.

27 फेब्रुवारी 2013 रोजी फोर्ट वर्थमध्ये क्लायबर्न वारला, तेव्हा मृत्युलेखांतून पुन्हा स्पुटनिक आणि कागदी फिती उडाल्या. समीक्षेने जे काम 1958 मध्ये केले नाही ते आता करणे शक्य आहे, कारण साहित्य सगळे शाबूत आहे. माझा निवाडा असा: 1958 ते 1963 या काळातला क्लायबर्न पहिल्या प्रतीचा पियानोवादक आहे, आणि पुढचा त्याचा ऱ्हास त्या पाच-सहा वर्षांना खोटे ठरवत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी चायकोव्हस्कीची ती गाजलेली तबकडी काही दिवस बाजूला ठेवावी आणि राइनरबरोबरचा ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो आधी ऐकावा.